जोमसोमचा वारा: आखूड धावपट्टीवर उतरणारे विमान वाऱ्याला का घाबरते?

पांथस्थ
मुक्तिनाथाचे दर्शन घेऊन परतताना आम्ही नेपाळमधल्या जोमसोमला दोन दिवस अडकलो. दोन्ही दिवशी आकाश निरभ्र होते. सकाळची पहिली फेरी वेळेवर सुटली, पण आमचे विमान पोखऱ्याहून निघालेच नाही, कारण दहाच्या सुमारास वारा सुटला होता. धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून दुपारी वर चढणारा वारा प्रसिद्ध आहे, हे मला माहीत आहे. तरीही माझे मत असे की, फेरी रद्द करण्यामागे अतिसावधगिरी होती.

या मार्गावर उडणारे, १९६५ साली प्रथम उडालेले ट्विन ऑटर हे विमान आखूड आणि ओबडधोबड पट्ट्यांसाठीच घडवलेले आहे. शिवाय जोमसोमची धावपट्टी साधारण खोऱ्याच्याच दिशेने आहे, म्हणजे योग्य बाजूने उतरल्यास वारा समोरून मिळतो. अलास्कातल्या सुपर कब या छोट्या विमानाचे उदाहरण घेऊ. ताशी ६९ किलोमीटरच्या खाली त्याचे पंख उचल देईनासे होतात. पण समोरून ४० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग २९ च उरतो आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे ते एकपंचमांशाहूनही कमी होते. तिथल्याच वाल्डीझ गावी होणाऱ्या आखूड उतराईच्या स्पर्धेत स्वतःच्या लांबीपेक्षा कमी अंतरात थांबलेली विमाने आहेत. अशा विमानांना वारा शत्रू कसा?

नभोयात्री
आपले गणित बरोबर आहे, परंतु ते स्थिर वाऱ्याचे आहे, आणि डोंगरातला वारा स्थिर नसतो. मी काही वर्षे फ्लाइंग क्लबात लहान विमाने उडवली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विमानाला जमिनीचा वेग कळत नाही. पंखांवरून किती हवा वाहते एवढेच त्याला कळते. मोठे जेट साधारण १३० नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) उतरते आणि उचल संपण्याच्या वेगापासून ते पंचवीसेक नॉट वर असते. सुपर कबची उचल ३७ नॉटला संपते. आखूड जागेत उतरायचे म्हणून वैमानिक त्याच्या वीस टक्के वर, म्हणजे ४४ नॉटने येतो. हाताशी उरतात फक्त सात नॉट. आता वारा २५ नॉटचा असून त्याचे झोत ४० पर्यंत जात आहेत असे समजा. झोत ओसरला की एका क्षणात पंधरा नॉट कमी होतात, आणि त्या वेळी विमान जमिनीपासून पंधरा-वीस मीटरवर असेल, तर नाक खाली करून वेग मिळवायला जागाच नसते. ज्या मंदगतीमुळे समोरचा वारा या विमानांना वरदान ठरतो, तीच मंदगती झोताच्या वेळी त्यांना उघडे पाडते.

पांथस्थ
परंतु स्थिर वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाच्या निम्म्याइतका वेग जास्त ठेवून उतरावे, हा नियम वैमानिकांमध्ये रूढ आहे ना? त्यासाठी लागणारी जास्तीची धावपट्टी समोरचा वाराच परत देतो. शिवाय ट्विन ऑटर म्हणजे सुपर कब नव्हे. त्याची उचल ५८ नॉटच्या आसपास संपते.

नभोयात्री
हे दोन्ही मुद्दे मान्य आहेत. पण पोखऱ्याहून येणारे विमान वाऱ्याच्या पाठीवर बसूनच खोऱ्यात वर येते, आणि समोरचा वारा घ्यायचा तर त्याला धावपट्टी ओलांडून मागे वळावे लागते. पाठीशी वारा असताना खालची जमीन भराभर मागे पळताना दिसते आणि आपण फार वेगात आहोत असा भास होऊन हात नकळत वेग कमी करतो. जोमसोम २७०० मीटरहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत वेगदर्शक जे दाखवतो त्यापेक्षा खरा वेग सुमारे पंधरा टक्के अधिक असतो, त्यामुळे हा भास आणखी बळावतो. जिथे दरी वळते तिथे कड्याआड भोवरे असतात, ते वेगळेच.

ठाणेकर
मे २०२२ मध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेल्या ट्विन ऑटरच्या अपघातात बावीस जण गेले आणि त्यांत आमच्या ठाण्याचे एक कुटुंब होते. त्यानंतर रद्द झालेल्या फेरीबद्दल तक्रार करण्याचे धैर्य मला तरी होत नाही.

पांथस्थ
त्या दुःखाबद्दल वाद नाही. मात्र ते विमान ढगाळ हवेत डोंगरावर आदळले होते. वाऱ्याच्या चर्चेत तो दाखला लागू पडत नाही.

उत्तरायण
मी अलास्कात राहतो. इथले वैमानिक नदीकाठच्या वाळूवर वाऱ्याला तोंड देण्यासाठी तिरपेसुद्धा उतरतात, त्यामुळे पांथस्थ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण उतरल्यावर काम संपत नाही. शेपटीखाली चाक असलेले हलके विमान वाऱ्याकडे पाठ करून वळू लागले की उलटू शकते. म्हणून लोक धावत जाऊन पंखांचे आधारदांडे धरतात. ४० नॉटच्या झोतात सुपर कब उभ्या जागीही उचलले जाऊ शकते, कारण त्याला उडायला तेवढी हवा पुरते.

नेब्रास्कातल्या वेन येथे मे २०२२ मध्ये जे घडले, तेही इथे सांगितले पाहिजे. वाऱ्यामुळे आखूड उड्डाणांची शर्यत थांबवली होती; मग काही वैमानिकांनी स्पर्धेबाहेर साधी आखूड उतराई करून पाहण्याचे ठरवले. एक सेस्ना १४० तिच्याहून मंद विमानाच्या मागे उतरायला येत असताना वेग गमावून कोसळली आणि वैमानिक दगावला. तिथे सगळेच या कलेत मुरलेले होते आणि मागे प्रवासीही नव्हते.

पांथस्थ
वेनचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. एकोणीस प्रवासी घेऊन असा हिशेब दर झोताला नव्याने मांडावा, असे मी म्हणणार नाही. फेरी रद्द करणे योग्य होते, हे मान्य करतो.

पण मग दुसरा प्रश्न उरतो. दहानंतर वारा सुटतो हे जोमसोमच्या प्रत्येक खानावळवाल्याला माहीत असताना, साडेदहाच्या फेरीची तिकिटे महिनाभर आधी कशी विकली जातात? आम्ही अखेर जीपने दिवसभर धक्के खात पोखऱ्याला उतरलो.

नभोयात्री
या प्रश्नाला माझ्याकडे वैमानिकी उत्तर नाही. पुढच्या वेळी पहिल्याच फेरीचे तिकीट काढा आणि परतीला दोन दिवस मोकळे ठेवा.