मदत हवी आहे: जुन्या बंगला सोसायटीत नव्या इमारतींना कसं सामील करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या सहकारनगर भागात आमची बंगल्यांची जुनी सोसायटी आहे. सासऱ्यांनी साठच्या दशकात इथे प्लॉट घेतला होता. एकूण ४२ प्लॉट. गेल्या वार्षिक सभेत माझी सेक्रेटरी म्हणून निवड झाली आणि आता एका ठिकाणी मी अडले आहे. जरा सविस्तर लिहिते.

४२ पैकी १९ बंगले पाडून तिथे चार-पाच मजली इमारती झाल्या. प्रत्येकीची अपार्टमेंट असोसिएशन वेगळी. आमच्या सोसायटीच्या दप्तरात मात्र त्या जागांवर अजून जुन्या प्लॉटधारकांचीच नावं आहेत, आणि ते कधीच दुसरीकडे राहायला गेलेत. त्यामुळे रात्रीचे दोन रखवालदार, मधल्या बागेचा माळी, पावसाळ्याआधी चेंबर साफ करून घेणं, हा सगळा खर्च २३ घरांवर आहे. रस्ता दीडशेहून जास्त कुटुंबं वापरतात.

फेब्रुवारीत पहाटे फिरायला निघालेल्या आमच्या शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र दुचाकीवरच्या दोघांनी हिसकावलं. काकू पडल्या, मनगट मोडलं. त्या कोपऱ्यावरचा दिवा तीन आठवडे बंद होता. मी नंतर घरोघरी विचारत फिरले, तर एकानेही तक्रार केलेली नव्हती. बंगलेवाल्यांना वाटलं समोरच्या इमारतीतून कोणी केली असेल, त्यांना वाटलं सोसायटी बघेल. चोरीपेक्षा हे मला जास्त लागलं.

मग विशेष सभा झाली. बरेच जण चिडलेले होते. रस्त्याच्या दोन्ही टोकांना गेट लावा, रात्री दहाला कुलूप घाला, स्टिकर नसलेली गाडी आत सोडू नका, भाडेकरूंकडून दुप्पट वर्गणी घ्या, शिकणाऱ्या मुलांना जागाच देऊ नका, असं ठरत चाललं होतं. मी हा विषय महिनाभर पुढे ढकलायला लावला.

कारण सांगते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा आमच्या खालच्या गल्लीतल्या बंगल्यांत कमरेइतकं पाणी शिरलं. दिवे गेलेले. सासूबाईंना चालता येत नव्हतं. त्यांना खुर्चीसकट उचलून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं ते तिथे भाड्याने राहणाऱ्या तीन मुलांनी. त्यांची नावंसुद्धा आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली. ज्यांना आता बाहेर ठेवायचं म्हणताहेत, ती हीच माणसं आहेत. वस्ती सुरक्षित राहायची तर कुठल्या घरात कोण राहतं, अडीनडीला कोणाला हाक मारायची, हे आधी कळायला हवं आणि ते काम सोसायटीचंच आहे, असं मला मनापासून वाटतं. पण नुसत्या भावनेवर सभा जिंकता येत नाही.

म्हणून विचारते. रस्त्याला असं गेट लावता येतं का? इमारतींना मूळ सोसायटीत कायदेशीरपणे कसं घ्यायचं? आणि ज्यांना आजवर सगळं फुकट मिळालं, त्यांना वर्गणी द्यायला कोणी कसं राजी केलं? कोणाचा अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, गेटचं आधी तपासा. मंजूर लेआउट (प्लॉट-रस्त्यांचा नकाशा) काढा आणि रस्ता महापालिकेच्या ताब्यात गेलाय का, हे पथ विभागात विचारा. गेला असेल तर तो सार्वजनिक रस्ता, कुलूप घालता येणार नाही. अँब्युलन्स किंवा अग्निशमनची गाडी अडली तर ते वेगळंच संकट.

दुप्पट वर्गणीचा ठराव करू नका. घर भाड्याने दिलं म्हणून मालकाकडून घेतात ते जादा पैसे, म्हणजे बिनभोगवटा शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासून तसा शासन आदेश आहे. भाडेकरूंची काळजी वाटते ना, मग मालकांकडे भाडेकराराची नोंदणी झाली का आणि पोलिसांना माहिती दिली का, एवढं मागा. नोंदणीची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावरच टाकली आहे, आणि पोलिसांना माहिती ऑनलाइन देता येते.

प्रतिसाद २

आम्ही कोथरूडला याच फेऱ्यातून गेलो. जुन्या प्लॉटधारकाच्या जागी त्या इमारतीच्या असोसिएशनला सभासद करून घेतलं, त्यांचा एक प्रतिनिधी आमच्या सभेत बसतो. कागदपत्रांसाठी उपनिबंधक कार्यालयात दोन-तीन खेपा झाल्या. सहकारातला जाणकार वकील आधी गाठा, कारण तुमचे उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, काय म्हणतात त्यावर बरंच अवलंबून आहे.

वर्गणीचं म्हणाल तर आम्ही आधी पैसे मागितलेच नाहीत. प्रत्येक इमारतीतून एक माणूस मागितला. त्यांच्यासोबत रात्री दिवे मोजत फिरलो, बंद दिव्यांची यादी क्षेत्रीय कार्यालयात दिली. महापालिकेच्या नागरिक सहभागाच्या अंदाजपत्रकातही कामं सुचवली. २००६-०७ पासून ती सोय आहे, फारसं कोणी वापरत नाही. दिवे लागल्यावर मग हिशेब मांडला. पाच इमारतींनी त्याच महिन्यात दिले, दोन अजून देत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लेआउटची प्रत सासऱ्यांच्या कपाटात सापडली, सोमवारी पथ विभागात जाते. रविवारी रात्री दिवे मोजायला १९ इमारतींना निरोप दिलाय, आतापर्यंत सहाजण येतो म्हणालेत. त्यातला एक त्या तीन मुलांपैकी आहे, आता नोकरीला लागलाय आणि अजून तिथेच राहतो.

कोथरूडच्या दादा, असोसिएशनला सभासद करून घेण्याच्या तुमच्या ठरावाचा मसुदा, नावं झाकून, इथे टाकता येईल का? पुढच्या सभेची नोटीस मला या आठवड्यातच काढायची आहे.