'हाय नून' (१९५२): सारखी घड्याळं दाखवणं जमलंय का?

प्रश्न: या वेस्टर्न सिनेमात बाराच्या गाडीने सूड घ्यायला येणाऱ्या गुंडाशी लढायला मार्शल (गावचा पोलीस अधिकारी) केन गावात मदत मागत फिरतो. सिनेमा सुमारे ८५ मिनिटांचा, गोष्टही जवळपास तेवढ्याच वेळात घडते. पण दर थोड्या वेळाने घड्याळ दिसल्याने ताण वाढतो की लक्ष उडतं?

प्रतिसाद १: वाढतो. कारण दोन घड्याळांच्या मधे मार्शल केन आणखी एका दारातून नकार घेऊन बाहेर पडलेला असतो. न्यायाधीश गाव सोडतो, मित्र घरात असून बायकोकरवी 'घरी नाही' म्हणून सांगतो. बारा वाजण्याआधीचा तुकडा पुन्हा बघा: लंबक, रूळ, चेहरे, रिकामी खुर्ची, सगळं संगीतकार टिओमकिनच्या संगीताच्या ठोक्यावर कापलंय. मग गाडीची शिट्टी! संकलनाचं ऑस्कर याला मिळालं ते योग्यच.

प्रतिसाद २: माझ्या मते निम्मं श्रेय फ्लॉइड क्रॉस्बीच्या कॅमेऱ्याचं. आकाश मुद्दाम पांढरं, सपाट ठेवलंय, म्हणून ऊन अंगावर येतं. टीव्हीवर झूम मात्र बंद ठेवा. मूळ चौकट जवळपास ४:३ ची आहे, पडदा भरायला गेलात की वरखालचं कापलं जातं आणि क्रेनवरचा कॅमेरा वर जाताना केनचं एकटेपण उरत नाही.

प्रतिसाद ३: गोळीबार साधा वाटतो, पण हिंसा न मानणाऱ्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) एमीने, म्हणजे केनच्या बायकोने, एका गुंडाच्या पाठीत झाडलेली गोळी विसरता येत नाही.