केबल म्हणजे आधी दावं
वर कोणीतरी लिहिलंय की केबल हा मुळात विजेच्या वायरचा शब्द आणि बाकीचे अर्थ त्यावरून आले. उलट आहे हो. वीज यायच्या कितीतरी शतकं आधी इंग्रजीत केबल म्हणजे जहाजाच्या नांगराचा जाडजूड दोर, आणि त्याही मागे गेलात तर उत्तरकालीन लॅटिनमधला कापुलुम, म्हणजे गुरं बांधायचं दावं! मूळ धातू पकडणे या अर्थाचा, त्यातूनच कॅप्चर वगैरे मंडळी आली. खलाशी लोक अजून अंतर केबलमध्ये मोजतात, एक केबल म्हणजे सागरी मैलाचा दहावा भाग, साधारण १८५ मीटर.

पण माझा आवडता अर्थ इथे कोणीच सांगितला नाही. बँकेत फॉरेक्सला, म्हणजे परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीच्या खात्यात, लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी साहेब ओरडले, "केबल काय चाललंय?" आणि मी येडा टेबलाखाली वाकून वायर बघतोय. नंतर कळलं की पाउंड-डॉलरच्या भावालाच डीलर लोक केबल म्हणतात, कारण १८६६ पासून अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेवरून लंडन-न्यूयॉर्कचे भाव जायचे, ती तार आता इतिहासजमा झाली तरी नाव चिकटलंय. आपल्याकडे तरी वेगळं काय, वायरही तार आणि "तार आली" म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची तीही तारच. ती सेवा २०१३ च्या जुलैत बंद पडली, शब्द मात्र आजीच्या तोंडी अजून आहे.