पायथन शिकवताना आधी काय: इन्युमरेट की रेंज-लेन?

फोंड्याची_शिक्षिका:
अकरावीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. कदंब या गोव्याच्या सरकारी बससेवेच्या पणजी-फोंडा मार्गावरच्या थांब्यांची लिस्ट देते: पणजी, रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारी, मार्दोळ, फोंडा. प्रत्येक थांबा क्रमांकासह छापा म्हटलं की बहुतेक मुलं 'फॉर आय इन रेंज(लेन(थांबे))' लिहितात आणि आत 'थांबे[आय]' करतात, म्हणजे लेनने लिस्टची लांबी काढून, रेंजने ० पासून मोजत, त्या-त्या क्रमांकाचा थांबा काढतात. माझं ठाम मत आहे की ही सवय लागण्याआधीच इन्युमरेट शिकवावं. 'फॉर क्र, थांबा इन इन्युमरेट(थांबे)' एवढं लिहिलं की क्रमांक आणि नाव दोन्ही हातात. २००३ च्या पायथन २.३ पासून ही सोय आहे, तरी शिकवण्यांत अजून जुनीच पद्धत आधी येते. याचं वाईट वाटतं.

म्हापसेकर:
नाही पटलं, मॅडम. थांबे[०] म्हणजे पणजी आणि सहातला शेवटचा थांबे[५], हे स्वतः लिहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पुढे इंजिनिअरिंगला सी ही भाषा आली की तिथे असली सोय नाही. मग ही मुलं अडणार.

डिचोलीची_डेव्हलपर:
आणि फाइल आली की रेंज-लेनवाली मुलं अडतात, त्याचं काय? उघडलेल्या फाइलवर लेन लावलं की सरळ टाइपएरर, म्हणजे या प्रकारच्या गोष्टीवर हे चालत नाही असा एरर. इन्युमरेट एकेक ओळ मागत पुढे जातं. लाखो ओळींची लॉग फाइल असली तरी सगळी मेमरीत आणावी लागत नाही. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा 'फॉर') चालवायला आधी लांबी माहीत हवी, हा समज सुरुवातीलाच पक्का झाला की नंतर काढताना फार त्रास होतो.

साखळीकर:
मुलं इन्युमरेटमधल्या 'स्टार्ट=१' वर हमखास फसतात. त्याने फक्त मोजणी १ पासून होते, लिस्ट पणजीपासूनच सुरू होते. पण आत कोणी 'थांबे[क्र]' लिहिलं, तर पणजीच्या वेळी रायबंदर छापलं जातं आणि फोंड्याला क्र ६ होऊन इंडेक्सएरर, कारण थांबे[६] लिस्टमध्ये नाहीच.

म्हापसेकर:
तेच म्हणतोय मी! अजून एक बघा. जलद बससाठी रायबंदर आणि जुने गोवे लूपमध्येच डिलीट केले. रायबंदर गेल्यावर जुने गोवे त्याच्या जागी सरकतं, आणि लूप पुढे बाणस्तारीवर जातो. इन्युमरेटमध्ये जुने गोवे लिस्टमध्ये तसंच राहतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. रेंज-लेनमध्येही ते सुटतं, पण शेवटी थांबे[५] सापडत नाही, प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो. शिकणाऱ्याला तो एरर दिसायलाच हवा.

फोंड्याची_शिक्षिका:
चालू लूपमध्ये लिस्टमधून काही काढूच नये, हवे ते थांबे घेऊन नवी लिस्ट करावी. मी हेच शिकवते. एरर येईल या भरवशावर पद्धत निवडणं मला मान्य नाही. इंडेक्सचं, म्हणजे लिस्टमधल्या जागेच्या क्रमांकाचं, मात्र तुमचं बरोबर आहे. तो मी लूपच्या आधीच, नुसते चौकोनी कंस वापरून शिकवते.

म्हापसेकर:
मग बबल सॉर्ट, म्हणजे शेजारच्या जोड्या बघत लिस्ट क्रमाने लावणं? तिथे आय आणि आय+१ ची अदलाबदल करावीच लागते.

फोंड्याची_शिक्षिका:
तिथे रेंजच, वादच नाही. त्या कामात जागाच बदलायच्या असतात. थांब्यांची यादी छापताना तसं काही नसतं, म्हणून माझ्या वर्गात इन्युमरेट आधी आणि बबल सॉर्टच्या वेळी रेंज.