विकिपीडियासाठी पोरांना कोणते लेख द्यावेत? (पंधरा दिवस, फक्त मोबाइल)

धरणगावचे_सर: राम राम मंडळी. एसवायबीएच्या वर्गाला मराठी विकिपीडियावरचे लेख सुधारायला द्यायचे आहेत. नवीन लेख नको, असलेलाच वाढवायचा. विषय खान्देशातला. वेळ पंधरा दिवस, लॅपटॉप नाहीत. कोणते लेख निवडू?

भुसावळ_जंक्शन: आधी दहा लॅपटॉप घ्या सर. मोबाइलवर संदर्भ टाकणं म्हणजे डोक्याला ताप. मी सेकंडहँड घेतला, अजून पळतोय.

भरीतप्रेमी: बहिणाबाईंवर द्या, विचारायचं काय त्यात! नाहीतर भरिताचं वांगं. २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय भो.

ग्रंथपाल_ताई: सर, लेख निवडण्याआधी कपाट बघा. ज्या विषयावर कॉलेजात दोन-तीन बरी पुस्तकं सापडतात, त्याचाच लेख घ्या. बहिणाबाई, साने गुरुजी नकोत. तिथे आधीच बरेच हात फिरलेले असतात आणि पोरं फक्त जन्मतारीख 'सुधारून' येतात. चार-पाच ओळींचा, संदर्भ नसलेला लेख शोधा. त्याचं चर्चा पान आणि बदलांचा इतिहास उघडा, तिथे कालपरवा कोणी भांडत असेल तर पोरांना ढकलू नका. हयात पुढारी, जाती, औषधोपचार तर नकोच. १९३६ चं फैजपूर अधिवेशन बघा, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं. त्यावर छापील मजकूर मिळतो. धुळ्याचं राजवाडे इतिहास संशोधन मंडळ पण चालेल.

पाटणादेवी_एक्सप्रेस: भास्कराचार्य! जन्म आपल्या पाटणचा, चाळीसगाव तालुका.

विजापूरचा_जावई: भास्कराचार्यांनी आपलं गाव विज्जडविड सांगितलंय, ते म्हणजे विजापूर असं मानणारेही आहेत बरं का.

पाटणादेवी_एक्सप्रेस: शिलालेख कुठे आहे? पाटणला. नातू चांगदेवाने मठ कुठे काढला? पाटणला. विषय संपला.

ग्रंथपाल_ताई: शिलालेखावरून नातवाचा मठ कळतो, आजोबांचा जन्म नाही. पोरांना देऊ नये तो लेख हाच.

सातपुड्याचा_पाहुणा: रानपिंगळा द्या, घुबडाची जात आहे. शंभरावर वर्षं कोणाला दिसला नव्हता, १९९७ ला शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मी स्वतः पाहिलाय.

ग्रंथपाल_ताई: विषय छान. पण तुम्ही पाहिलाय हे लेखात चालत नाही, छापील आधार लागतो.

आण्णा_पारोळेकर: पुतण्याने आमच्या संस्थेची स्मरणिका जशीच्या तशी टाकली, कोणीतरी उडवली. स्मरणिका आमची, गाव आमचं, मग यांना काय त्रास?

भुसावळ_जंक्शन: मोबाइलवरून टाकली असेल.

नंदुरबारकर: वर कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो: आधी पुस्तकं बघा, मग लेख निवडा. हयात पुढारी नकोत. आण्णा, छापलेलं उतरवून टाकलं की प्रताधिकारात (कॉपीराइटमध्ये) अडकतं, आपल्या शब्दांत लिहावं लागतं. आणि सर, पोरांना आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लिहू द्या. तिथे चुकलं तरी कोणी अंगावर येत नाही.

धरणगावचे_सर: सगळ्यांचे आभार. वर्गात विचारलं. फैजपूर कोणीच घेतलं नाही, रानपिंगळ्याला एक हात वर. बाकी सगळ्यांना आपापल्या गावाचाच लेख हवा. तेच देतोय.

ग्रंथपाल_ताई: घ्या! गावाच्या लेखात सरपंचाचं नाव आणि जत्रेचं कौतुक येणार. निदान २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका तरी डाउनलोड करून घ्यायला लावा. लोकसंख्या, शाळा, पिण्याचं पाणी सगळं गाववार आहे, पीडीएफ मोबाइलवर उघडते. मोठं गाव असेल तर १८८० चं खान्देश गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, बघा. फोटो पोरांनी स्वतः काढलेलाच, व्हॉट्सॲपवर आलेला नको.

धरणगावचे_सर: गाववार? हे पहिल्यांदाच सांगायचं ना ताई! बरं, एकाच गावचे चौघं आहेत. चौघांना तोच लेख देऊ का?

नंदुरबारकर: द्या. एकाला इतिहास, एकाला शेती, असे विभाग वाटा. फक्त चौघांनी एकाच वेळी जतन करू नका, एकाचं लिहिलेलं दुसऱ्यावर आदळतं.