शब्दचर्चा: शंभराव्या स्तोत्रातलं ‘उपकारस्मरण’ सोप्या मराठीत कसं आणायचं?

पिंपळपान
आमच्या चर्चच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या भक्तीला यंदा मुलं बायबलमधलं शंभरावं स्तोत्र म्हणणार आहेत. घरी मराठी बोलतात, पण ‘उपकारस्मरण’ आलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून पत्रकासाठी मी सोपं रूपांतर करायला घेतलं आणि चौथ्या वचनाशी गाडी अडली. छापील मराठीत तिथे देवाचं उपकारस्मरण करत त्याच्या दारातून आत यायला सांगितलंय. मी लिहिलं, ‘आभार मानत त्याच्या दारातून आत या’. त्यावर मंडळीतले एक काका म्हणाले, “आभार शेवटी मानतात, हार-नारळ झाल्यावर. इथे लोक अजून दारातच आहेत.” सगळे हसले, पण त्यांचं म्हणणं मला पटलं. ‘धन्यवाद’ घालावा तर पुढे लगेच ‘नामाचा धन्यवाद’ येतोच. सुचवा काहीतरी. शुक्रवारी पत्रक प्रेसला जायचंय.

कढीपत्ता
‘आभार’च ठेवा हो. ‘उपकार’ हा शब्द आता भांडणातच उरलाय. “जेवतोयस म्हणजे उपकार करतोयस का माझ्यावर?” हे मी रोज ऐकतो. मुलांनाही तेवढाच अर्थ माहीत असणार.

व्याकरणवेडा
शब्दांपेक्षा त्यांची क्रियापदं बघा. आभार मानतात, तेही अनेकवचनी. एकच आभार कुणी मानल्याचं मी ऐकलं नाही. धन्यवाद देतात. उपकार करतात, स्मरतात, फेडतात. चर्चच्या मराठीत मात्र परमेश्वराचा धन्यवाद ‘करतात’. १०३व्या स्तोत्राची सुरुवात आठवा, “हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर”. हा दुकानाच्या दारावरचा ‘धन्यवाद, पुन्हा या’ नव्हे. हिब्रूत तिथे आशीर्वादाचं क्रियापद आहे, बेराखावालं. उपकारस्मरणाच्या जागी ‘होदू’ आहे, म्हणजे ‘तोदा’चा, उपकारस्तुतीच्या हिब्रू शब्दाचा, धातू. शंभराव्याच्या चौथ्या वचनात दोन्ही शेजारी शेजारी येतात आणि जुन्या भाषांतरकारांनी ती वेगळी ठेवलीत. दोन्हीकडे ‘आभार’ फिरवलात तर एक क्रियापद गायब.

मांडवीतीर
देवाला माणसाने आशीर्वाद कसा द्यायचा, हे कोडं कोकणीवाल्यांना पडत नाही. आमच्याकडे आभार मानायचेच मुळी ‘देव बरें करूं’ असं म्हणून. मदत केली शेजाऱ्याने, काम लावलं देवाला.

अलिबागवाली
आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहूदी, म्हणजे शनिवार तेली. आता माझं ऐका. ‘तोदा’ म्हणजे नुसते शब्द नव्हेत, ते अर्पणाचं नाव आहे. मथळ्यात ‘तोदासाठी’ असं लिहिलेलं सबंध स्तोत्रसंहितेत हे एकच स्तोत्र. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या सातव्या अध्यायात विधी दिलाय: पशूबरोबर बेखमीर पोळ्या, तेल लावलेल्या चपात्या, शिवाय खमीर घातलेल्या भाकरीसुद्धा. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात हिशेब आहे, चार प्रकार, प्रत्येकी दहा, म्हणजे चाळीस. आणि मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरता कामा नये! एका घराला ते संपणार कसं? माणसं बोलवावीच लागणार. ती जमली की आपण कशातून वाचलो ते त्यांना सांगायचं. आणि वल्हांडण या आमच्या सणाच्या आदल्या दिवशी बऱ्याच ठिकाणी हे स्तोत्र प्रार्थनेतून गाळतात, कारण तेव्हा खमिराची भाकरी चालत नाही.

आमचा मलिदा मला याच जातीचा वाटतो. दुखण्यातून कुणी उठलं, नवं घर झालं, लग्न ठरलं की भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा असं ताट भरायचं, वर फळं रचायची, एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचं आणि सगळ्यांना वाटायचं. हनाबीचा रथ टेकला तो खडक आमच्या अलिबाग तालुक्यात दाखवतात. तेव्हा पिंपळपान, सरळ ‘नवस फेडत आत या’ लिहा. मुलांना लगेच कळेल.

व्याकरणवेडा
नाही जमणार. तोच अध्याय पुढे वाचा. नवसाचं अर्पण त्यात वेगळं सांगितलंय आणि त्याचं मांस दुसऱ्या दिवशीही चालतं. नवस म्हणजे आधी बोललेला सौदा, तोदाला आधीचा करार लागत नाही.

अलिबागवाली
आणि ११६व्या स्तोत्रात उपकारस्तुतीचा यज्ञ आणि नवस फेडणं एकापाठोपाठ येतात, ते? शास्त्रात दोन रकाने असतील, माणसाच्या मनात नसतात. ‘सौदा’ म्हणू नका. माझ्या आजीने वडिलांच्या टायफॉइडच्या वेळी जे कबूल केलं, त्याला तिच्यासमोर सौदा म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

जुना टंकलेखक
मुळाशी जाऊ. ‘याद’ म्हणजे हात, त्यावरून तोदा, हात वर करून केलेली स्तुती. आपल्या ‘आभार’मध्ये आ + भार, म्हणजे डोक्यावर ओझं. त्यांचा हात मोकळा, आपलं डोकं जड. उगाच नाही मराठी माणूस आभार मानायला कचरत.

व्याकरणवेडा
हाताची व्युत्पत्ती गोड आहे, पण तिच्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. खात्रीचं असं की याच धातूला ‘कबूल करणे’ हाही अर्थ आहे. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, आखान चोरी करून पकडला जातो, तेव्हा यहोशवा त्याच्याकडे ‘तोदा’ मागतो. तिथे तो काही चोराला आभार मानायला लावत नाही, खरं काय ते सगळ्यांदेखत बोल म्हणतो. याकोबाची बायको लेआ हिने चौथ्या मुलाचं नाव यहूदा ठेवलं तेही याच धातूवरून, आणि त्यावरून पुढे ‘यहूदी’.

कढीपत्ता
म्हणजे ‘कबुली देत आत या’? पोलीस चौकीत जातायत का मुलं?

वसईची वाट
पहिल्या वचनाकडे कुणीच बघत नाहीये. छापील ‘जयजयकार’ मला निवडणुकीच्या मिरवणुकीसारखा वाटतो. तिथे ‘गजर’ हवा. सगळ्या पृथ्वीने केलेला गजर.

जुना टंकलेखक
शाबास! हिब्रू शब्द ‘हारीऊ’ आहे ना? हारीऊ, हरी. हरिनामाचा गजर. आणि गजर हा ‘गज’ पासून आला, हत्तीची गर्जना.

व्याकरणवेडा
हारीऊमधला हरी निव्वळ योगायोग. आणि गजर हत्तीपासून आला तर गाजरही तिथूनच आलं म्हणा. ‘गर्ज’मधली अक्षरं उलटीपालटी झाली असं म्हणालात तर निदान ऐकून घेईन. हारीऊच्या धातूचा ‘तेरुआ’ म्हणजे रणघोष, रणशिंगाचा आवाज. यरीहोची भिंत पडली तेव्हा लोक ओरडले ते हेच. त्या मानाने ‘जयजयकार’ बराच जवळचा.

पाळकांचा नातू
‘गजर’ला माझा विरोध. शब्द वाईट म्हणून नव्हे, त्याच्या मागे टाळ-मृदंग ऐकू येतात म्हणून. शंभराव्या स्तोत्रात यरुशलेमेचं मंदिर आहे, पंढरपूर नाही.

वसईची वाट
फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली. रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले. बेने इस्राएल लोकांत मराठी कीर्तनं होत. चारशे वर्षं चाललंय हे आणि तुम्हाला आज टाळ ऐकू आले?

पाळकांचा नातू
ओवी-अभंगाला कोण नाही म्हणतंय? ते छंद झाले. भाषांतर करताना शब्द कुठून उचलला याने फरक पडतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून बायबल उतरवलं, ते खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये ते छापून पूर्ण झालं. संस्कृत येणारी बाई, पण शब्द भरजरी असला म्हणून त्यांनी तो घेतला नाही.

वसईची वाट
मग ‘उपकारस्मरण’ कुठल्या खेड्यातली बाई बोलते?

पाळकांचा नातू
आमची. दर रविवारी. पाठ झालेला शब्द अवघड राहत नाही. माझ्या आजीला सही येत नव्हती, पण ‘उपकारस्तुती’ आणि ‘आभार’ यांतला फरक तिला कळायचा. आभार सरपंचाचे.

पिंपळपान
हे सगळं छान आहे, पण मुलांच्या कागदावर काय लिहू? ‘उपकार आठवत आत या’ कसं वाटतं?

अलिबागवाली
आठवणं गुपचूप होतं. तोदा चारचौघांत मोठ्याने बोलायची गोष्ट. माझी आत्या इस्राएलमध्ये डिमोनाला असते, ती बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘तोदा’ म्हणते, तेसुद्धा मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं.

मांडवीतीर
‘त्याचे गुण गात आत या’.

पाळकांचा नातू
पुन्हा नेऊन सोडलंत तुकोबांच्या अंगणात.

कढीपत्ता
मलिद्याचे पोहे जाड की पातळ? किती वेळ भिजवायचे?

अलिबागवाली
पातळ. भिजवायचे कसले, पाणी शिंपडून ठेवायचे. गूळ घालणारेही आहेत, आमच्याकडे नाही.

व्याकरणवेडा
पिंपळपान, चौथ्या वचनात इतके गुंतलात, पण तिसऱ्यात काय ठेवलंय? ‘त्यानेच आपल्याला निर्माण केलं’ याच्या पुढचा हिब्रू शब्द ‘लो’. लिहिलाय आलेफ या अक्षराने, तेव्हा अर्थ ‘नाही’. वाचायची परंपरा वाव या अक्षराची, तेव्हा अर्थ ‘त्याचे’. उच्चार तोच. १६११च्या इंग्रजी भाषांतराने ‘नाही’ धरला, आपण स्वतःला घडवलं नाही. १८८५च्या सुधारलेल्या आवृत्तीने ‘आपण त्याचे’ घेतला. तुमच्या कागदावर कुठला आहे?

पिंपळपान
दोन्ही आहेत. “आपण स्वतःला घडवलं नाही, आपण त्याचेच आहोत.” वाचताना कानाला बरं वाटलं म्हणून ठेवलं. एक काढायला हवं का?

जुना टंकलेखक
काढू नका.

पाळकांचा नातू
काढा.