'पॅरोलवर सुटलेला' ला मराठीत काय म्हणायचं?

'स्ट्रेट टाइम' (१९७८) या पिक्चरबद्दल लिहितोय. डस्टिन हॉफमनचा मॅक्स डेम्बो सहा वर्षं आत काढून लॉस एंजेलिसला येतो, सरळ मार्गाने जगायचं ठरवतो, डब्यांच्या कारखान्यात कामालाही लागतो. मी 'पॅरोलवर सुटलेला कैदी' असं लिहिलं तर भावाने वाचून विचारलं, मग परत कधी जायचंय त्याला? दुसरा शब्द सुचवा ना.

—

भावाचं बरोबरे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजाच, जेलच्या कागदांवरही 'अभिवचन रजा' असंच लिहितात आणि फर्लोला 'संचित रजा'. दोन्हीचे मूळ नियम १९५९चे. घरात मयत, कुणाचं गंभीर आजारपण, लग्न असं काही कारण असेल तर पॅरोल, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लोला कारण लागत नाही, वागणूक चांगली असली की मिळते आणि ती शिक्षेत धरतात. पण दोन्हीत मुदत संपली की माणूस परत आत.

अमेरिकेतला पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर राहून काढायची, अटी पाळून, पॅरोल ऑफिसरच्या नजरेखाली, म्हणून मी तरी 'सशर्त सुटका' म्हणेन. आणि पिक्चरचा सगळा जीव त्या 'सशर्त' मध्येच आहे हो. मित्र मॅक्सच्या खोलीत येऊन हेरॉइन घेतो, ऑफिसरला नुसत्या जळलेल्या काड्या सापडतात आणि तेवढ्यावर तो मॅक्सला बेड्या घालून जेलात नेतो, टेस्टमध्ये काही निघत नाही तरी सुटल्यावर गाडीत बसवून पुन्हा तेच, कोण होता त्याचं नाव सांग. तिथे मॅक्सचा तोल जातो. 'रजा' लिहिलंत तर हा ताण वाचणाऱ्याला कळणारच नाही.

—

सशर्त सुटका पटलं. फक्त त्या ऑफिसरला 'परिवीक्षा अधिकारी' करू नका, परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन, त्यात कोर्ट माणसाला जेलात न पाठवताच देखरेखीखाली सोडतं. पॅरोल ऑफिसरच राहू द्या, कळतं सगळ्यांना.

—

'माजी कैदी' चालेल का मग?

—

मला नाही आवडत. माजी आमदार, माजी सरपंच, तसं पद वाटतं ते. आपण बोलताना 'शिक्षा भोगून आलेला' म्हणतो, नाहीतर 'आत जाऊन आलेला', पण मॅक्सची शिक्षा तर अजून संपलेली नाही, त्यामुळे पहिला इथे चुकीचा. दुसरा अगदी बसतो, आणि त्यात लोक त्याच्याकडे कसं बघतात तेही येतं. मूळ कादंबरी लिहिणारा एडवर्ड बंकर स्वतः आत जाऊन आलेला, १९७३ साली पुस्तक आलं तेव्हाही तो तुरुंगातच होता, म्हणून तर पॅरोल ऑफिसमधली एकेक अट, एकेक प्रश्न इतका खरा वाटतो. पहिल्यांदा 'सशर्त सुटकेवर (पॅरोल) बाहेर आलेला' असं लिहा आणि पुढे नुसतं मॅक्स.